पाहुणी लेनारा आणि घरचा धर्म: ‘रिजॉइन्ड’ या एका भागाचं प्रकरण

जेवणाच्या टेबलावर तिघं बसली आहेत. जॅडझिया डॅक्स आणि लेनारा कान एकमेकींत इतक्या गुंगल्या आहेत की तिसऱ्या खुर्चीत कुणी आहे याचं दोघींनाही भान नाही. तिसरा आहे डॉक्टर बशीर. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून त्याला सोबतीला आणलंय. बिचारा आपल्या ताटापुरता. दोघींच्या आठवणी रंगत जातात आणि बशीरचा चेहरा हळूहळू त्या पाहुण्यासारखा होतो, ज्याला उठून जाताही येत नाही आणि बसवतही नाही.

दृश्य विनोदी आहे, पण पूर्ण भागाचा पेच त्यात आला. या दोघींनी एकत्र जेवायला राखणदार का लागावा? दोघी बायका आहेत म्हणून नव्हे. त्या काळात, त्या जगात त्याचं कुणाला काही वाटतच नाही. अडचण आहे ती त्यांच्या मागच्या जन्मीच्या लग्नाची.

‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’ या मालिकेच्या चौथ्या सीझनमधला हा भाग, ‘रिजॉइन्ड’. ऑक्टोबर १९९५ च्या अखेरीस अमेरिकेत दाखवला गेला. कथा रेने एचेव्हारियाची, पटकथा रॉनल्ड डी. मूर आणि एचेव्हारिया यांची. दिग्दर्शन एव्हरी ब्रूक्सचं, म्हणजे जो मालिकेत कमांडर (पुढे कॅप्टन) सिस्को झाला होता त्याचंच. भागात दोन स्त्रियांचं चुंबन आहे. जाता जाता गालाला लावलेलं नव्हे. ओढाताण, संकोच, आणि मग राहवलं नाही म्हणून घेतलेलं. ‘स्टार ट्रेक’ नावाखाली तोवर असं कधी दाखवलं नव्हतं.

अंतराळ-साहसाच्या मालिका धर्म, स्त्री-पुरुषपण आणि लैंगिकता कशा हाताळतात हे बघायचं तर पन्नास भागांची यादी करण्यापेक्षा हा एकच भाग उलगडून बघणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. कारण याच मालिकेने धर्माचा विषय सात वर्षं चालवला आणि समलिंगी प्रेमाचा विषय एका संध्याकाळी मिटवला. एक घरचा माणूस झाला, दुसरी पाहुणी म्हणून आली आणि गेली.

जुनं लग्न, नवी शरीरं

ट्रिल ही मालिकेतली परग्रहावरची जमात. त्यांच्यातल्या काही निवडक लोकांच्या पोटात एक जीव वस्तीला असतो, त्याला सिम्बायंट म्हणतात. माणूस मेला की तो जीव काढून दुसऱ्याच्या पोटात ठेवतात, आणि सगळ्या आठवणी, खोडी, प्रेमप्रकरणं त्याच्यासोबत पुढे जातात. जॅडझिया ही ‘डॅक्स’ नावाच्या तीनशेहून जास्त वर्षं जगलेल्या जिवाची आठवी यजमान. आधीच्या सात जणांत बायका होत्या तसे पुरुषही. त्यातला टोरायस हा वैमानिक, त्याचं लग्न निलानी कानशी झालं होतं. टोरायस अपघातात गेला, पुढे निलानीही गेली आणि तिच्यातला ‘कान’ लेनाराकडे आला. लेनारा शास्त्रज्ञ म्हणून अंतराळस्थानकावर प्रयोगासाठी येते आणि जुनी नवरा-बायको समोरासमोर उभी राहतात.

ट्रिल समाजाचा नियम कडक आहे: मागच्या यजमानाची नाती पुढच्याने चालवायची नाहीत. चालवली तर दोघांनाही वाळीत टाकतात. ही शिक्षा वाटते त्याहून भयंकर आहे, कारण वाळीत टाकलेल्याच्या पोटातला जीव मग पुढच्या यजमानाला दिला जात नाही. जॅडझिया मेली की डॅक्सही मरणार, आणि त्याच्यासोबत आठ आयुष्यांच्या आठवणी.

जॅडझिया हे सगळं घालवायला तयार होते. सिस्को आधी तिला खडसावतो, नियमाची आठवण देतो, आणि ती ऐकत नाही म्हटल्यावर सांगतो की मी तुझ्या पाठीशी आहे. जहाजावरच्या अपघातात ती जिवावर उदार होऊन लेनाराला वाचवते. पण लेनाराला ते धाडस होत नाही. ती निघून जाते. जॅडझिया वरच्या मजल्यावरून बघत राहते आणि भाग संपतो.

पूर्ण भागात कुणीही, एकदाही, ‘पण तुम्ही दोघी बायका आहात’ असं म्हणत नाही. स्थानकावरची अधिकारी किरा म्हणत नाही, बशीर म्हणत नाही, ज्याला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायची सवय आहे तो बारमालक क्वार्कही नाही. मला आजही या भागातलं सर्वांत धीट पाऊल तेच वाटतं. चुंबनाची चर्चा झाली, पण न उच्चारलेलं ते वाक्य जास्त बोलतं.

इथवर यायला लागलेली वर्षं

हे धाडस आभाळातून पडलं नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी ‘स्टार ट्रेक’ ची पुढची मालिका ‘द नेक्स्ट जनरेशन’ सुरू होत होती तेव्हा मालिकेचा जनक जीन रॉडनबेरी याने जहाजावर समलिंगी पात्रं असतील असं चाहत्यांसमोर कबूल केलं होतं. डेव्हिड जेरॉल्ड या जुन्या लेखकाने ते मनावर घेतलं आणि १९८७ मध्ये ‘ब्लड अँड फायर’ नावाची पटकथा लिहिली. तिच्यात समलिंगी जोडपं होतं आणि एड्सच्या भीतीचं रूपकही होतं. ती चित्रित झाली नाही. जेरॉल्ड मालिका सोडून गेला.

मग आडवळणं सुरू झाली. त्याच मालिकेतला, मे १९९१ मधला ‘द होस्ट’ हा ट्रिल लोकांचा पहिला भाग. जहाजावरची डॉक्टर बेव्हर्ली क्रशर ओडान नावाच्या ट्रिल दूताच्या प्रेमात पडते. त्याचं पुरुषाचं शरीर मरतं, आणि शेवटी नवं शरीर येतं ते बाईचं. ओडान तोच आहे, प्रेमही तेच आहे. क्रशर म्हणते की ही कदाचित आम्हा माणसांची उणीव असेल, पण असे बदल मला झेपणार नाहीत. ओडान तिच्या मनगटावर ओठ टेकवते आणि जाते. उणीव कबूल करून दार लावून घेण्याची ही तऱ्हा मोठी सभ्य होती. त्यामुळेच ती जास्त खुपते.

मार्च १९९२ मध्ये आला ‘द आउटकास्ट’. जेरी टेलरने लिहिलेला. ज’नाई नावाच्या समाजात स्त्री-पुरुष असा भेदच उरलेला नाही आणि ज्याला स्वतः स्त्री किंवा पुरुष असल्याचं जाणवतं त्याला आजारी ठरवून त्याच्यावर ‘उपचार’ होतात. सोरेन चोरून स्वतःला स्त्री मानते, जहाजावरच्या रायकर या अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते, पकडली जाते. सुनावणीत ती जे बोलते ते आजही अंगावर येतं: मी अशीच जन्मले, मला दुरुस्तीची गरज नाही. रायकर तिला सोडवायला जातो तोवर उशीर झालेला असतो. उपचार झालेत. ती शांतपणे सांगते की मी आजारी होते, आता बरी आहे.

समलिंगी माणसांना ‘बरं’ करण्याच्या प्रकारांवरचं हे रूपक कुणालाही कळण्यासारखं होतं. पण पडद्यावर दिसलं काय? ज’नाईंच्या भूमिकेत सगळ्या अभिनेत्री होत्या, सोरेन मेलिंडा क्युलिआने केली होती. म्हणजे बघणाऱ्याला दिसलं ते एका पुरुषाचं आणि एका बाईचं प्रेम, ज्याला एक विचित्र समाज आडवा येतो. रायकरची भूमिका करणारा जोनाथन फ्रेक्स नंतर जाहीरपणे म्हणाला की सोरेन पुरुषी दिसणारी असायला हवी होती. मुद्दा नटाला कळला होता. निवड करणाऱ्यांना कळला नाही, की परवडला नाही, कोण जाणे.

इथे थोडं अवांतर. रायकर सोरेनला विचारतो की तुमच्याकडे सर्वनाम कोणतं वापरतात. ती म्हणते, आमचं एक आहे, पण त्याचं भाषांतर होईल असं वाटत नाही. इंग्रजीत हा संवाद सहज उरकतो, कारण इंग्रजीत ‘मी’ म्हणणाऱ्याला आपण कोण हे सांगावं लागत नाही. मराठीत सोरेन तोंड उघडताक्षणी पकडली जाईल. ‘मी आलो’ म्हणू की ‘मी आले’? ‘मला वाटतं’ म्हणून दोन वाक्यं निभतील, तिसऱ्याला क्रियापद घात करेल. तिचं गुपित अर्धा भाग टिकतं ते इंग्रजी व्याकरणाच्या जोरावर. वरच्या परिच्छेदात मलाही ‘स्वतःला स्त्री मानते’ असं लिहून आधीच निकाल द्यावा लागला.

परवान्याचं प्रेम

‘रिजॉइन्ड’ या दोन्ही भागांच्या पुढे गेला. दोन बायका आहेत, दोघी बायकाच दिसतात, दोघींना एकमेकी हव्या आहेत, आणि कथा त्यांच्या बाजूने उभी आहे. सुझाना थॉम्पसनने केलेली लेनारा बुद्धिमान आहे, सावध आहे. तिचं मागे हटणं भित्रेपणाचं वाटत नाही. रूपकही वरवर साफ आहे: ‘समाजाला मान्य नसलेलं प्रेम’ याच्या जागी ‘मागच्या जन्मीचं नातं’ ठेवायचं आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. कुजबुज, घरच्यांची काळजी, लपून भेटणं, सगळं ओळखीचं. लेनाराचा भाऊच तिच्यासोबत आलेला आहे आणि त्याची नजर दोघींवरून हलत नाही.

तरी दोन गाठी राहतात.

पहिली, या प्रेमाला आधीचा परवाना आहे. टोरायस पुरुष होता, निलानी बाई होती, रीतसर लग्न झालं होतं. दोघी आज प्रेमात पडतात ते त्या जुन्या संसाराच्या व्याजावर. जॅडझियाला एखादी परकी, कधी न भेटलेली बाई आवडली असती, आणि पोटातल्या जिवाचा त्यात काही हात नसता, तर ते १९९५ साली चाललं असतं का? आधीच्या एका भागाने त्याचं निम्मं उत्तर देऊन ठेवलं होतं. नोव्हेंबर १९९३ मधल्या ‘रूल्स ऑफ अ‍ॅक्विझिशन’ मध्ये पेल नावाचा फेरेंगी (क्वार्कच्याच जमातीचा) तरुण क्वार्कच्या मागेपुढे असतो. जॅडझिया त्याला सहज सांगते की तुझं क्वार्कवर प्रेम आहे, मला दिसतंय. तिला त्यात काही विशेष वाटत नाही. मग पेल कबूल करते की मी बाई आहे, आणि तेव्हा कुठे जॅडझिया चकित होते. दोन मिनिटांचं दृश्य, विनोदासाठी टाकलेलं, पण त्यात परवाना नाही. पुरुषाचं पुरुषावर प्रेम असणं तिच्या लेखी बातमीच नव्हे.

दुसरी गाठ जास्त घट्ट आहे. ट्रिल लोकांच्या नियमाला कारण आहे. दर यजमानाने नवं आयुष्य जगावं, जुन्याच माणसांभोवती घुटमळत राहू नये, ही गोष्ट ऐकल्यावर बऱ्यापैकी पटते. खऱ्या जगातल्या द्वेषाच्या जागी जेव्हा असा समजूतदार नियम ठेवला जातो, तेव्हा बघणारा नकळत दोन्ही बाजूंना तोलायला लागतो. लेनारा गेली तेव्हा मलाही क्षणभर वाटलं होतं की बरोबरच केलं तिने, डॅक्सचा जीव वाचला. रूपक वापरल्याची ही किंमत. बंदी बाजूला सरकवून ठेवली की बोलायची मोकळीक मिळते, पण सरकवलेल्या जागी बंदीला नवी इभ्रतही मिळू शकते.

फोन आणि कात्री

‘डीप स्पेस नाइन’ कुठल्याही मोठ्या नेटवर्कची नव्हती. पॅरामाउंट ती थेट गावोगावच्या स्थानिक वाहिन्यांना विकत असे. त्या व्यवहाराला सिंडिकेशन म्हणतात. त्याचा फायदा हा, की नेटवर्कच्या कार्यालयात बसून पटकथेवर लाल रेघा मारणारा कुणी नव्हता. १९८९ मध्ये एबीसीवरच्या ‘थर्टीसमथिंग’ मध्ये दोन पुरुष नुसते अंथरुणात बोलत बसलेले दाखवले तेव्हा जाहिरातदारांनी काढता पाय घेतला होता. दोन बायकांची चुंबनं १९९१ मध्ये ‘एल.ए. लॉ’ आणि १९९४ मध्ये ‘रोझॅन’ या मालिकांत येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा गदारोळ झाला होता. तेव्हा ‘रिजॉइन्ड’ टेलिव्हिजनवर पहिला नव्हे. ‘स्टार ट्रेक’ मध्ये पहिला.

सिंडिकेशनचा तोटाही तिथेच. वरून रेघ मारणारा नसला तरी खाली प्रत्येक वाहिनीच्या हातात कात्री असते. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका वाहिनीने चुंबन कापून भाग दाखवला.

निर्मितीच्या कार्यालयात संतापाचे फोन आले. त्यातला एक मंडळींनी नंतर पुष्कळदा सांगितला आहे. एका गृहस्थाची तक्रार होती की दोन बायकांचं चुंबन दाखवून तुम्ही माझी मुलं बिघडवता. फोन घेणाऱ्याने विचारलं, त्या दोघींतल्या एकीने दुसरीला गोळी घातली असती तर चाललं असतं का? गृहस्थ म्हणाला, हो, ते चाललं असतं. मग मुलं कोण बिघडवतंय याचा तुम्हीच जरा विचार करा, असं सांगून त्याला वाटेला लावलं.

किस्सा फर्मास आहे, पण पुढच्या भागापासून मालिकेने काय केलं? काही नाही. लेनारा परत आली नाही. पुढच्या सीझनमध्ये जॅडझिया वर्फ या सहकारी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडली, १९९७ मध्ये त्याच्याशी लग्न केलं, १९९८ मध्ये मारली गेली. सर्वस्व पणाला लावायला निघालेली बाई आठवड्याभरात पूर्ववत कामावर. तोवरच्या बहुतेक मालिकांची रीत तीच होती: या भागातलं दुःख या भागात.

ज्या पुजारिणीशी देव बोलला नाही

आता याच मालिकेत धर्माचं काय झालं ते बघा.

मूळ ‘स्टार ट्रेक’ ला धर्माचं वावडं होतं. देव भेटला की तो शेवटी कुणीतरी बलाढ्य परग्रहवासी किंवा यंत्र निघायचा. ‘द नेक्स्ट जनरेशन’ च्या १९८९ मधल्या ‘हू वॉचेस द वॉचर्स’ मध्येही एका मागास ग्रहावरचे लोक कॅप्टन पिकार्डला देव समजायला लागतात, तेव्हा पिकार्डचा जीव कासावीस होतो तो एवढ्याचसाठी, की मी यांना पुन्हा अंधश्रद्धेच्या काळात ढकलतोय.

जानेवारी १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ सुरू झाली ती बजोर ग्रहाच्या दारात. कार्डेशियनांनी अर्धशतक लुटलेला हा ग्रह नुकता सुटलाय. स्थानकाजवळच्या आकाशात एक विवर (वर्महोल, दूरच्या अवकाशात नेणारा बोगदा) आहे, त्यात काळाच्या पलीकडचे जीव राहतात. बजोरच्या लोकांसाठी ते विवर देवाचं मंदिर आणि ते जीव ‘प्रॉफेट्स’. सिस्को त्यांना भेटून येतो आणि लोक त्याला देवाचा दूत म्हणून नमस्कार करायला लागतात. त्याला ते अजिबात नको असतं.

जून १९९३ मधल्या ‘इन द हँड्स ऑफ द प्रॉफेट्स’ या भागात स्थानकावरची शिक्षिका केको ओब्रायन मुलांना विवराचं विज्ञान शिकवत असते. विन नावाची पुजारीण वर्गात येते. आवाज मधाळ, शब्द नम्र, आणि म्हणणं हे, की ही देवाची निंदा आहे. वाद वाढल्यावर ती मोठ्या मनाने ‘तडजोड’ सुचवते: मी मंदिराचं शिकवा म्हणणार नाही, तुम्ही विवराचं शिकवू नका. दुसरं काही शिकवा. केको विचारते, मग उत्क्रांती आली की काय करायचं? विश्वाची उत्पत्ती आली की? विन म्हणते, ते तेव्हाचं तेव्हा बघू. केकोचा नवरा माइल्स गोड जुमजाच्या दांड्या विकणाऱ्याकडे जातो, तर तो विकायला नकार देतो. मग शाळेत स्फोट होतो.

इथे कुणाही लेखकाला विज्ञानाचा झेंडा उभारून टाळ्या घेता आल्या असत्या. सिस्कोचा मुलगा जेक तेच म्हणतो: प्रॉफेट्स वगैरे मूर्खपणा आहे, ते तर नुसते परग्रहवासी. सिस्को त्याला थांबवतो. पन्नास वर्षं या लोकांना जगवलं ते या श्रद्धेने, आणि ज्यांना भविष्य भूतकाळासारखंच दिसतं त्यांना कुणी भविष्यवेत्ते म्हटलं तर त्यात चुकलं काय? एकाच भागात धर्माच्या नावाने बॉम्ब फुटतो आणि धर्माचा आदरही राखला जातो. दोन्ही एकमेकांना खोडत नाहीत.

आणि मालिका तिथेच थांबली नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये, म्हणजे ‘रिजॉइन्ड’ नंतर चारच महिन्यांनी, ‘अ‍ॅक्सेशन’ आला. दोनशेहून जास्त वर्षांपूर्वीचा एक कवी विवरातून बाहेर येतो आणि खरा दूत मीच असं सांगतो. सिस्को सुटलो म्हणून आनंदाने पद सोडतो. नवा दूत जुनी व्यवस्था परत आणतो: जो ज्या घराण्यात जन्मला त्याने तोच व्यवसाय करायचा. मालिकेत शब्द ‘डजारा’ आहे, आपण त्याला सरळ जात म्हणू. किराचं घराणं कलाकारांचं. आयुष्यभर बंदूक चालवलेली, स्थानक सांभाळणारी ही बाई देवाची आज्ञा म्हणून मातीचा पक्षी करायला बसते. पक्षी होत नाही. तिच्या हातात ते नाहीच. तरीही ती राजीनाम्याची तयारी करते, कारण श्रद्धा म्हणजे सोयीपुरती पाळायची गोष्ट नव्हे, असं ती मानते. आणि मग एक धर्मगुरू दुसऱ्या धर्मगुरूचा खून करतो, कारण मेलेल्याचं घराणं अशुद्ध मानलेलं होतं. त्या चिखलाच्या पक्ष्याकडे बघणारी किरा मला या मालिकेतल्या कुठल्याही लढाईपेक्षा जास्त लक्षात राहिली आहे.

विनचं काय झालं? ती पहिल्या सीझनच्या शेवटी आली आणि शेवटच्या भागापर्यंत राहिली. लुईस फ्लेचरने ती केली. सुरुवातीला नुसती कपटी वाटणारी ही बाई सर्वोच्च पदावर पोचते, कारस्थानं करते, आणि सातव्या सीझनमध्ये कळतं की जन्मभर देवाच्या नावाने बोलणाऱ्या हिच्याशी देव एकदाही बोललेला नाही. शेजारी सिस्को, ज्याला नको होतं, त्याच्याशी बोलतो. हिच्याशी नाही. त्या मत्सराने आणि त्या एकटेपणाने ती शेवटी देवाच्या शत्रूंकडे वळते. खलनायिका आहे, तरी पोटात कालवतं. हे कौशल्य एका भागात साधत नाही. त्याला वर्षं लागतात, आणि ती तिला मिळाली. लेनाराला एका भागापुरतीच मिनिटं मिळाली.

दोन विषय, दोन वागणुका

धर्म हा विषय कमी जोखमीचा होता असं नाही. पण मालिकेत तो परक्यांचा धर्म होता. बजोरच्या देवावरून कुणा प्रेक्षकाला थेट अपमान वाटायची शक्यता कमी, आणि वाटलाच तरी कापण्यासारखं एक ठळक दृश्य नसायचं. चुंबन मात्र परग्रहाचा कितीही मुलामा दिला तरी दोन बायकांचंच दिसतं. कात्रीला नेमकी जागा सापडते.

मुलाम्यावरून आठवलं. ‘द होस्ट’ मधल्या ट्रिल लोकांना कपाळावर उंचवटे होते. जॅडझिया करणाऱ्या टेरी फॅरेलला ते लावून बघितले, तर निर्मात्यांना तिचा चेहरा आवडेना. म्हणून उंचवटे रद्द झाले आणि कपाळापासून मानेवर उतरणारे नाजूक ठिपके आले. पूर्ण जमातीचं शरीर बदललं, कारण नायिका देखणी दिसायला हवी. १९६० च्या दशकात मूळ मालिकेच्या पहिल्या चाचणी भागात जहाजाची दुसरी अधिकारी बाई होती. तो भाग नाकारला गेला आणि ती भूमिका पुढे राहिली नाही. तीच अभिनेत्री, मॅजेल बॅरेट, मालिकेत परिचारिका होऊन परतली. त्या मानाने किरा आणि जॅडझिया फार पुढच्या. पण ठिपके विसरू नयेत.

आणखी एक गोष्ट खटकते. ‘रिजॉइन्ड’ सोडला तर मालिकेत बायका बायकांकडे उघड ओढलेल्या दिसतात त्या मुख्यतः आरशातल्या विश्वात, जिथे सगळे उलटे आणि दुष्ट आहेत. तिथली किरा क्रूर राणी आहे आणि तिला कुणीही चालतं. म्हणजे चांगल्या जगात एक दुःखी संध्याकाळ, वाईट जगात मोकाट मजा. स्थानकावरचा शिंपी गॅरॅक करणारा अँड्र्यू रॉबिन्सन तर उघड सांगतो की सुरुवातीला त्याने ते पात्र बशीरकडे ओढ असलेलं म्हणूनच रंगवलं होतं. लेखणी तिकडे गेली नाही. मालिकेची सूत्रं सांभाळलेला आयरा स्टीव्हन बेहर याने २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या माहितीपटात या बाबतीत आपण कमी पडलो अशी कबुली दिली आहे.

कमी पडले ते इच्छेत की व्यवस्थेत, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याच सुमारास ‘बॅबिलॉन ५’ मध्ये, म्हणजे सिंडिकेशनवरच चालणाऱ्या दुसऱ्या अंतराळस्थानकावर, १९९५ ते १९९६ मध्ये इव्हानोव्हा आणि टालिया या दोघींचं प्रेम सूचनांतूनच येतं आणि टालिया गेल्यावर एका वाक्यात कबूल होतं. तिचा निर्माता स्ट्रॅझिन्स्की स्वतः नास्तिक, पण धर्माला त्याने किती जागा दिली! एका भागाच्या शेवटी पृथ्वीच्या श्रद्धा दाखवायला माणसांची लांबच लांब रांग उभी केली, तिच्यात पहिला माणूस नास्तिक होता. दोन मालिका, दोन वेगळ्या लेखकमंडळ्या, आणि तरी तोच हिशेब: धर्माला रांग, प्रेमाला एक वाक्य. तेव्हा मी बोट व्यवस्थेकडेच जास्त दाखवेन. अर्थात व्यवस्था म्हणजे शेवटी खोलीत बसून ‘आत्ता नको’ म्हणणारी माणसंच.

‘रिजॉइन्ड’ लिहिणाऱ्या रॉनल्ड मूरने पुढे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने उभी केली. तिच्यात जुन्या मालिकेतला पुरुष स्टारबक बाई झाला, यंत्रं एकेश्वरवादी झाली आणि माणसं अनेक देवांची. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.

ट्रिल परत येतात

२०१७ मध्ये ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’ सुरू झाली तेव्हा जहाजावर स्टॅमेट्स आणि कल्बर हे जोडपं होतं. शेजारी उभं राहून दात घासणारं, कुठलंही रूपक नसलेलं. आणि २०२० मध्ये त्या मालिकेने पुन्हा ट्रिल काढले. अडिरा ही पृथ्वीवरची व्यक्ती, नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला स्त्री किंवा पुरुष न मानणारी. तिच्या पोटात टाल नावाचा जीव आहे, जो आधी ग्रेकडे होता. ग्रे हा अडिराचा प्रियकर, ट्रान्स तरुण, अपघातात गेलेला आणि तरी अडिराला दिसत राहणारा. मागच्या यजमानाचं नातं पुढे चालवायचं नाही हा नियम इथे कुणी काढतही नाही.

डिसेंबर २०२० मधल्या एका भागात अडिरा आणि स्टॅमेट्स काम करत असतात. स्टॅमेट्स बोलता बोलता ‘शी’ म्हणतो. अडिरा अडखळत सांगते की मला ‘दे’ म्हणा, ‘शी’ कधी आपलं वाटलंच नाही. स्टॅमेट्स ठीक आहे म्हणतो. थोड्या वेळाने तो कल्बरशी अडिराबद्दल बोलतो तेव्हा बरोबर शब्द वापरतो.

आणि मी मात्र वर ‘तिच्या पोटात’ लिहिलं, ‘सांगते’ लिहिलं. ‘ते सांगतात’ लिहिलं असतं तर अडिरा कुणी आदरणीय वडीलधारे वाटले असते, ‘ते सांगतं’ लिहिलं असतं तर लहान मूल. स्टॅमेट्सचं काम एका सर्वनामावर भागलं. मराठीत हे दृश्य करायचं तर क्रियापदं, विशेषणं, षष्ठीचे प्रत्यय, सगळ्यांना वेगळं बसवावं लागेल, आणि अडिराला स्वतःबद्दल पहिलं वाक्य बोलतानाच अडखळावं लागेल.